अकरा मागे, एक पुढे

शिवणाच्या खोलीला चार मोठ्या खिडक्या होत्या आणि गेली सव्वीस वर्षं चारही खिडक्यांचे पडदे ओढलेलेच असत. उन्हानं कापड विटतं, असं शिवणाच्या बाईंचं म्हणणं. त्या ट्यूबलाइटच्या उजेडात शिकवत, बाकांच्या दोन ओळींमधून भराभर येरझाऱ्या घालत आणि चालता चालता कुणाची बाही, कुणाचं काज बोटानं चाचपून पुढे जात. या चालण्यावरून मुलांनी त्यांचं नाव ‘धावदोरा’ ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. नावात तशी काही खोट नव्हती, म्हणून त्यांनी कधी ऐकल्याचं दाखवलं नाही.

सत्ताविसाव्या वर्षी शाळा उघडली त्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. शिवणाचा विषय बंद झाला होता. हल्ली सगळं तयार मिळतं, काज करतंय कोण, असं वरच्यांचं मत पडलं. शिलाई मशिनी सुट्टीतच टेम्पोत घालून नेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक पुठ्ठ्याचा खोका आला होता. खोक्यात बारा किट होती. उन्हावर चालणारे रोबो. मुलांनी ते आपल्या हातानं जोडायचे आणि त्यातून यंत्रं कशी चालतात याची पहिली अक्षरं गिरवायची. खोका पाठवणाऱ्या संस्थेनं शिकवायला माणूस मात्र दिला नव्हता.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. दोन्ही डगरींवर हात ठेवून शाळा चालवावी लागते, तशा त्या चालवत. त्यांनी बाईंना सरळच सांगितलं. दोन महिन्यांनी संस्थेच्या इंजिनिअर ताई बघायला येतील. तोवर हे रोबो चालले, तर वर्ग बाईंचा, निवृत्तीपर्यंत. नाही चालले, तर उरलेली तीन वर्षं तळघरातल्या भांडारात काढायची, मोडके बाक आणि खडूंचे खोके सांभाळत.

भांडार बाईंना नको होतं. काम हलकं असतं तिथलं, पंखाही आहे. पण तिथे मूल फिरकत नाही. बारा मुलांचा गलका कानांवर नसेल, तर आपण दिवसभर कुणाला गप्प बसा म्हणायचं, हे काही त्यांना सुचेना.

“मला सुई कळते हो, स्क्रू नाही कळत,” त्या म्हणाल्या.

“दोन्ही हातानंच फिरवायचं ना,” मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि खोक्याची पोच त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंचे यजमान बेकरीत कामाला. दुपारी घरी येत तेव्हा कानामागे पीठ असायचं. बायकोचं गाऱ्हाणं ऐकून ते म्हणाले, की मला तरी पाव का फुगतो ते कुठे कळतं, तो फुगतो आणि मी काढतो. बाईंना यात धीर कुठला आणि थट्टा कुठली ते उमगलं नाही. त्या रोज सकाळी शेगडी पेटवण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहत. देवापाशी मागणं असं नसायचंच फारसं. त्या सकाळी मात्र त्यांनी मागितलं, की बाबा, मुलांपुढे मान खाली घालायची वेळ आणू नकोस. बाकी तुझी मर्जी.

किटमधून निघालेला रोबो म्हणजे तळहातावर मावणारा किडाच होता. पाठीवर काळी चकचकीत सोलर पट्टी, पोटात अंगठ्याएवढी मोटर, मोटरच्या दांड्यावर दातेरी चाक, मागे दोन चाकं आणि पुढे तोंडाखाली घरंगळणारी एक गोळी. तोंडावर चिकटवायला कागदाचे दोन डोळे. सोबतच्या पुस्तिकेतली लिपी बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. चित्रं तेवढी होती.

चित्रांवरून बेतायचं म्हटल्यावर बाईंच्या जिवात जीव आला. हे तर त्यांच्या हातचं काम. मात्र इथेच घोटाळा झाला, आणि तो कसा झाला हे कळायला त्यांच्या एकोणिसाव्या वर्षात जायला हवं.

तेव्हा त्या एका शिलाईच्या दुकानात उमेदवारी करत होत्या. पहिलंच झंपर शिवायला मिळालं आणि त्यांनी एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या. कागदावर जशी दिसली तशी कापली, दोन्ही डाव्या. गिऱ्हाईक दारात उभं, आणि मालकीणबाई सगळ्या दुकानादेखत म्हणाली, की हिला दोन्ही डावे हात असलेली बाई शोधून आणा रे. त्या दिवशी मालकीणबाईनं शिकवलं ते बाईंनी जन्मभर गाठीला बांधलं. खूण कापडाच्या उलट्या बाजूला असते. उलट्या बाजूनं शिवायचं आणि मग सुलटवायचं. म्हणून कागदावरचं डावं ते अंगावरचं उजवं. हा नियम पुढे त्यांनी शेकडो मुलींना पाठ करायला लावला, आणि त्यातल्या एकीनंही कधी दोन डाव्या बाह्या कापल्या नाहीत.

पुस्तिकेच्या चित्रात मोटरचा दांडा उजवीकडे होता. बाईंनी मुलांना सांगितलं, की चित्र नेहमी उलट्या बाजूचं असतं, दांडा डावीकडे घ्या. मुलांनी घेतला. सांगाड्याला दोन्ही बाजूंना सारख्याच खाचा होत्या, त्यामुळे कुठेही अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं, पण देव कधी कधी दार उघडं ठेवूनच माणसाची परीक्षा बघतो.

अकरा किडे असे तयार झाले. बारावा राहिला होता, कारण त्याची मालकीण कान फुटल्यामुळे आठवडाभर घरी होती. पुढचे दोन दात मोठे आणि खिसे नेहमी काहीबाही भरलेले, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. ती परत आली, कोपऱ्यात बसली, पुस्तिका गुडघ्यावर ठेवली आणि कुणालाही काही न विचारता दोन दिवसांत आपला किडा जोडून मोकळी झाली. बाई तेव्हा दुसऱ्या ओळीत एक हरवलेला स्क्रू शोधत होत्या.

जोडून झाले, पण एकही किडा हलेना. तांबडी तार तांबडीला, काळी काळीला, सगळं जागच्या जागी, तरी बाराच्या बारा मढ्यासारखे पडून. बाईंनी मुलांना सांगितलं, की उसवायला लाजू नये. टाका चुकला तर उसवायचा, पुन्हा घालायचा. मुलांनी स्क्रू काढले, पुन्हा बसवले. चौथ्या वेळी तर त्यांना डोळे मिटून जोडता येऊ लागलं. किडे मात्र ढिम्म.

पुस्तिकेच्या पानावर कोपऱ्यात सूर्य काढलेला होता. एक-दोघांनी तो दाखवलाही. पण मुलांच्या पुस्तकात कोपऱ्यात सूर्य असतोच, डोंगर नि झोपडी असते तसा, असं बाईंना वाटलं. आणि उन्हावर म्हणजे उजेडावरच ना, खोलीत चार ट्यूब जळतायत, उजेडाची काय वाण आहे? दहा दिवस त्या रोज घरी जाऊन यजमानांना सांगत, की सगळं बरोबर आहे आणि काहीच होत नाही. यजमान म्हणत, की लग्नानंतर पहिली दोन वर्षं माझंही असंच म्हणणं होतं.

मग एका सोमवारी भल्या सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी पडदे धुवायला काढून नेले. त्यानंतर बाई दार उघडून आत आल्या तेव्हा सगळी खोली उन्हानं भरली होती आणि टेबलांवर किडे चालत होते. चार खाली पडून उताणे झाले होते नि तशीच चाकं फिरवत होते. बाईंनी छातीवर हात ठेवला. मागून मुलांचा लोंढा आला आणि असा गिल्ला झाला, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या मास्तरांनी भिंतीवर डस्टर आपटलं.

हा आनंद फार तर पाच मिनिटं टिकला. अकरा किडे शेपटीकडे चालत होते. डोळे एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे. खारूताईचा बारावा तेवढा डोळे होते त्या दिशेनं तुरुतुरु निघाला होता.

मुलांनी लगेच निकाल दिला, की खारूताईचा बिघडलाय. अकरा एकीकडे आणि एक एकीकडे म्हटल्यावर आणखी काय म्हणणार? एक जण म्हणाला, की हिला ऐकू नीट येत नाही, म्हणून हिच्या किड्यालाही येत नाही. खारूताईनं आपला किडा उचलून बाईंपुढे धरला.

“पण बाई, माझा चित्रासारखा आहे.”

बाईंनी पुस्तिका घेतली. खरंच होता चित्रासारखा. मग त्यांनी बाकीच्या अकरांतला एक घेतला. तोही त्यांच्या नियमानं बरोबर होता, आणि तो नियम आजवर कधी फसला नव्हता. दोन्ही बरोबर कसे असतील? कदाचित हा किडा मागेच चालणारा असेल. खेकडा नाही का आडवा जात. पण मग चित्रात तोंडापुढे काढलेला बाण? बाणही उलटाच वाचायचा का? विचार करता करता त्यांना आपल्या हातातलं पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं हेच कळेनासं झालं.

इंजिनिअर ताई परवावर येऊन ठेपल्या होत्या. बारापैकी अकरा एका चालीनं आणि एक दुसऱ्या, हे कुणालाही डोळ्यांत खुपेल. बाईंना दुसरं काही सुचलं नाही.

“सगळ्यांसारखा कर गं तुझा,” त्या म्हणाल्या.

खारूताईनं किडा मागे घेतला. ती कोपऱ्यात गेली, आणि पाच मिनिटांत तिचा किडाही शेपटीकडे चालू लागला. सांगाडा सगळा खोलून पुन्हा जोडायला अर्धा तास तरी हवा, हिनं पाच मिनिटांत कसं केलं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण विचारलं नाही. विचारायची लाज वाटली म्हणा, किंवा भीती.

घरी त्यांचं कशात लक्ष लागेना. दुपारी यजमान आडवे झाल्यावर त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली, खाली डोकं वर पाय धरून पाहिली, मग पाठमोरी धरून उन्हात पाहिली. शेवटी कपाटाच्या आरशापुढे धरली. आणि आरशात त्यांना आपले अकरा किडे दिसले. अगदी हुबेहूब. दांडा डावीकडे, चाक डावीकडे. म्हणजे चित्र सुलट्या बाजूचंच होतं. कापडाचा नियम यंत्राला नव्हता. अकरा मुलांना आपण एकाच हाताच्या बाह्या कापायला लावल्या.

त्या तशाच पलंगावर बसल्या. चूक सापडली याचं थोडं हलकंही वाटत होतं. तेवढ्यात दुसरं ध्यानात आलं. खारूताईचा किडा तर चित्रासारखा होता. खोलायला वेळच लागला नाही, म्हणजे अजूनही चित्रासारखाच असणार. मग तो आता मागे कसा चालतो? आरशातला मागे चालतो आणि खराही मागे चालतो? त्यांनी यजमानांना हलवून हे विचारलं. यजमानांनी शांतपणे ऐकून घेतलं, उशी वळवली आणि म्हणाले, “अगं, त्या पोरीलाच विचार की.”

पण दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासालाच इंजिनिअर ताई हजर.

ताई पस्तिशीच्या, कापलेले केस, खांद्याला पिशवी. खुर्ची आणली होती ती त्यांनी बाजूला सारली आणि मैदानातल्या फरशीवर मुलांसोबत उकिडव्या बसल्या. ऊन कडक होतं. मुलांनी बारा किडे ओळीत ठेवले आणि हात काढून घेतले. बाराही एका चालीनं, कवायत केल्यासारखे, शेपटीकडे निघाले. ताईंनी एकदा किड्यांकडे पाहिलं, एकदा मुलांकडे.

“सगळेच मागे?”

मुख्याध्यापिका मागे फाइल घेऊन उभ्या होत्या. फाइलमध्ये वरच एक टाइप केलेला कागद होता आणि त्यावरचा ‘भांडार’ हा शब्द बाईंना चष्म्याशिवायही वाचता आला. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, की मुलांनी मुद्दाम मागे चालवून दाखवलेत, एक प्रयोग म्हणून, काय हो बाई?

झाकली मूठ होती ती, आणि झाकलीच राहिली असती. बाईंनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तोंड उघडलंही त्यांनी त्यासाठी. समोर खारूताई बसली होती आणि तिचे डोळे बाईंवरच होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “माझं चुकलं. अकरा मी आरशातल्यासारखे उलटे जोडून घेतले. हिचा एक नीट चालत होता, तो मीच बिघडवायला लावला. आणि तो कसा बिघडला ते मला अजून कळलेलं नाही.”

मुख्याध्यापिकांनी फाइल छातीशी धरली. ताईंनी खारूताईला जवळ बोलावलं आणि विचारलं, की काय केलंस तू. खारूताईनं आपला किडा उलटा केला आणि पोटाखालच्या तारा दाखवल्या. तांबडी काळीला, काळी तांबडीला. एवढंच. चौथ्यांदा उसवताना तिच्याकडून तारांची एकदा अदलाबदल झाली होती, परवा पडदे निघाल्यावर खिडकीतल्या उन्हात तिनं ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा तिला कळलं, की तारा बदलल्या की चाकं उलटी फिरतात. बाईंनी सगळ्यांसारखा कर म्हटलं, मग तिनं तेवढंच केलं. सांगाडा मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“मग आता ह्याचं बघ,” असं म्हणून ताईंनी शेजारच्या मुलाचा किडा तिच्या हातात दिला. खारूताईनं त्याच्या तारा बदलल्या. फरशीवर ठेवताच तो डोळ्यांच्या दिशेनं सरळ पळत सुटला आणि मुख्याध्यापिकांच्या चपलेला जाऊन धडकला. मग काय, दहा मुलं एकदम तारांवर तुटून पडली. खारूताईला ऐकू येत नाही म्हणणारा तिच्याच पुढ्यात किडा धरून बसला होता.

बाई त्या गलक्याच्या मधोमध उभ्या होत्या. सांगाडा सुलटा, तारा उलट्या, तर किडा मागे. सांगाडा उलटा, तारा सुलट्या, तरी मागे. दोन्ही उलटं केलं तर पुढे. इथवर त्यांना कळलं, कारण कापड दोनदा उलटलं की सुलटं होतं. पण कापड आपण हातानं उलटतो. इथे कोण उलटतं? त्या गुडघ्यावर हात टेकत ताईंच्या शेजारी खाली बसल्या.

“तारेला रंग कसा कळतो हो?”

ताई म्हणाल्या, की रंग आपल्यासाठी असतो, तारेला काही कळत नाही. पट्टीवर ऊन पडलं, की तारेतून वीज वाहते, एका टोकानं आत शिरते, दुसऱ्यानं बाहेर पडते. मोटरीत चुंबक असतं. वीज एका बाजूनं आली तर त्या चुंबकापाशी दांड्याला एकीकडे रेटा बसतो, दुसऱ्या बाजूनं आली तर दुसरीकडे. बाईंनी मान डोलावली. वीज शिरते इथवर ठीक. चुंबकापाशी आल्यावर पुन्हा सगळं डोक्यावरून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं. ताईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी फरशीवर खडूनं काढून. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मुलं हसायला लागली आणि मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं.

निघताना ताई मुख्याध्यापिकांशी बोलल्या, ते बाईंच्या देखतच. यांना अजून हा विषय येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. वर्ग चालू ठेवा, पण बाईंनी दर शनिवारी आमच्या कार्यशाळेत येऊन शिकायचं, तिथे विशीतली मुलं असतात, त्यांच्यात बसायचं. सहा महिन्यांनी मी पुन्हा येईन. एवढं बोलून त्या पिशवी उचलून चालत्या झाल्या.

मुख्याध्यापिकांनी तो टाइप केलेला कागद फाडला नाही. घडी घालून फाइलच्या तळाशी सरकवला.

बाईंना हसावं की रडावं ते कळेना. मैदानात मुलं अजून किड्यांच्या शर्यती लावत होती. त्या मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाल्या,

“म्हणजे मी पास झाले का नापास?”

मुख्याध्यापिकांनी फाइलकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

“मलाही नाही कळलं हो,” त्या म्हणाल्या. “उद्या वर्गावर या.”